‘सेव्ह झालंय, ताई’ : हुकलेल्या एका आरटीई अर्जाचं प्रकरण

१६ फेब्रुवारी २०२५, रविवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास आमच्या अभ्यासिकेत एक बाई आल्या. हातात प्लॅस्टिकची पारदर्शक फाइल. चपला दारात काढल्या, फाइल टेबलावर ठेवली आणि उभ्या उभ्याच विचारलं, “ताई, शेजारणीला मेसेज आला. मला नाही आला अजून. कधीपर्यंत येतो?”

फाइलमध्ये सगळ्यात वर आरटीई अर्जाची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेतल्या मोफत प्रवेशाच्या अर्जाची प्रिंट होती. अर्ज क्रमांक, मुलीचं नाव, जन्मतारीख, पत्ता, सगळं जिथल्या तिथे. फक्त अर्ज कन्फर्म झाल्याचा उल्लेख कुठे नव्हता. मी कागद उलटून मागची बाजू पाहिली. तिथे काही असण्याचं कारण नव्हतं, पण त्यांच्याकडे बघायचं टाळायला तेवढा वेळ मिळाला.

अर्ज भरलेला होता, पण दिलेला नव्हता. मुदत संपून चौदा दिवस झाले होते.

मी दर रविवारी पुण्याच्या कडेच्या एका वस्तीत मदतीचं टेबल लावते. आरटीई, शिष्यवृत्ती, दाखले, असली कामं. दरवर्षी कुणाचा ना कुणाचा अर्ज हुकतो. हे एकच प्रकरण सविस्तर लिहिण्याचं कारण असं की यात कुणी आळस केला नाही, कुणी लाच मागितली नाही, एकाही कार्यालयाने आपली मुदत ओलांडली नाही, आणि तरी अर्ज हुकला. त्यात माझाही हात होता, ते पुढे येईलच.

आधी नियम थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १२(१)(सी) प्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गात किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल गटांतल्या मुलांना द्यायच्या आणि आठवीपर्यंत फी घ्यायची नाही. अल्पसंख्याक शाळा न्यायालयाच्या निकालांमुळे यातून बाहेर आहेत. महाराष्ट्रात सरकार शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये देतं. ते पैसे रखडतात, म्हणून काही शाळा या मुलांकडे कपाळाला आठ्या घालून बघतात. तो वेगळा विषय आहे.

इथे महत्त्वाचा शब्द ‘पहिल्या वर्गात’ हा. ज्या शाळेचा प्रवेश नर्सरीपासून तिथे नर्सरीला, ज्या शाळेचा पहिलीपासून तिथे पहिलीला. दुसरीत गेलेल्या मुलाला हा रस्ता नाही. त्यामुळे इथे मुदत हुकणं म्हणजे पुढच्या महिन्यात परत रांगेत उभं राहणं नव्हे.

२०२५-२६ साठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागा होत्या आणि अर्ज आले ३ लाखांच्या वर. एकट्या पुणे जिल्ह्यात १८ हजारांवर जागांसाठी ६० हजारांवर अर्ज. म्हणजे वेळेत अर्ज करणाऱ्यांतही बहुतेकांना जागा मिळत नाही, सोडत निघते. हे मी त्या आईला त्याच दिवशी सांगितलं, कारण त्या रडायच्या बेतात होत्या आणि “माझ्यामुळे पोरीची शाळा गेली” असं म्हणत होत्या. शाळा गेली नव्हती. सोडतीच्या डब्यात पडायची चिठ्ठी गेली होती. ऐकणाऱ्याला यातला फरक त्या क्षणी फारसा कळत नाही, तरी सांगावा.

आता मागे जाऊन पाहू.

वस्तीत सगळ्यांच्या डोक्यात आरटीई म्हणजे उन्हाळा. त्याला कारण आहे. २०२२ मध्ये अर्ज फेब्रुवारीत सुरू झाले, २०२३ मध्ये मार्चमध्ये. २०२४ मध्ये तर एप्रिलमध्ये सुरू झाले आणि मधेच सगळं पालटलं. त्या वर्षी ९ फेब्रुवारीला सरकारने नियम बदलला होता: एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी त्याला स्थगिती दिली आणि १७ मेपासून अर्ज नव्याने भरून घेतले गेले. आधी भरलेल्यांनाही परत भरावे लागले. पुढे १९ जुलैला न्यायालयाने तो बदल रद्दच केला. निकाल चांगलाच होता. पण त्या गोंधळातून वस्तीने एकच गोष्ट लक्षात ठेवली: अर्ज मे महिन्यात असतात आणि तारीख वाढते.

२०२५ साली अर्ज सुरू झाले १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी. मुदत २७ जानेवारी.

या आईला ते कळलं १७ तारखेला, एका हळदीकुंकवात. त्या दोन घरी पोळ्या करतात. त्यांतल्याच एका घरचं हळदीकुंकू होतं, तिथे कुणीतरी म्हणालं की आरटीईचे फॉर्म चालू झालेत. जातीच्या दाखल्याचा रस्ता या कुटुंबाला नव्हता. त्यामुळे दुर्बल गट, आणि दुर्बल गट म्हणजे वर्षाला १ लाखाच्या आतल्या उत्पन्नाचा तहसीलदारांचा दाखला. वडील भिंती रंगवायचं काम करतात, महिन्यातले बारा-पंधरा दिवस. (१ लाख म्हणजे महिन्याला ८,३३३ रुपये. शहरात दोघं राबणाऱ्या घराने या मर्यादेत कसं बसायचं, हा प्रश्न मी दरवर्षी स्वतःला विचारते आणि दरवर्षी टेबल लावते.)

रेशन कार्ड गावचं, मराठवाड्यातलं. दाखला गावाकडूनच निघणार. १७ च्या रात्री त्यांनी दिराला फोन लावला. १८ शनिवार, १९ रविवार, सरकारी कार्यालयं बंद. २० तारखेला दिराने सेतू केंद्रात अर्ज टाकला. तलाठ्याचा अहवाल, मग वर तहसीलला. दाखल्यावर सही झाली २९ जानेवारीला.

नऊ दिवस. लोकसेवा हक्क कायद्याखाली उत्पन्नाच्या दाखल्याला मुदत आहे १५ दिवसांची. म्हणजे तहसील कार्यालयाने काम वेळेच्या कितीतरी आधी केलं.

आता दोन मुदती शेजारी शेजारी ठेवा. अर्जाची खिडकी १४ ते २७ जानेवारी, म्हणजे १४ दिवस. शनिवार-रविवार वजा केले तर कार्यालयं उघडी असण्याचे दिवस दहा. आणि त्या अर्जाला लागणाऱ्या दाखल्याला कायद्याने दिलेले दिवस १५. ज्याच्या हातात दाखला तयार नाही त्याने अगदी पहिल्या दिवशी धावपळ केली, सगळ्या कार्यालयांनी नियमावर बोट ठेवून काम केलं, तरी दाखला मुदतीनंतर येऊ शकतो. हे गणित मी पहिल्यांदा मांडलं ते या प्रकरणानंतर, वहीच्या मागच्या पानावर. इतकी वर्षं मी पालकांना ‘अर्जाची शेवटची तारीख’ सांगत होते. दाखल्याची शेवटची तारीख अर्ज सुरू होण्याच्या आधीच येऊन जाते, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं, कारण माझ्याही ते ध्यानात आलं नव्हतं.

मधल्या काळात, २६ जानेवारीच्या रविवारी, त्या माझ्या टेबलावर येऊन गेल्या होत्या. ते मला आठवत नव्हतं, त्यांनी आठवण करून दिली. झेंडावंदन आटोपून रांगेत उभ्या होत्या. म्हणाल्या, दाखला अजून आला नाही. मी म्हणाले, “दाखला आला की या.”

या एका वाक्यावर मी नंतर बराच विचार केला. रांगेत पंधराएक जण होते, दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती, घाई होती. पण त्याच वेळी मी त्यांचा बाकीचा अर्ज भरून ठेवू शकले असते. नाव, जन्मतारीख, पत्ता, नकाशावरचं घर, शाळा. सगळं सेव्ह करून ठेवायचं आणि दाखला हातात आला की शेवटचा टप्पा दहा मिनिटांत उरकायचा. आणि तसं केलं असतं तर ‘सेव्ह’ आणि ‘कन्फर्म’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्यांना माझ्याच तोंडून कळलं असतं.

२७ ला मुदत २ फेब्रुवारीपर्यंत वाढली. त्यांना हे २८ च्या संध्याकाळी कळलं.

२९ ला दाखला झाला. ३० ला दिराने तो गावाकडून एसटीच्या कंडक्टरजवळ पाकिटात दिला. पाकीट ३१ ला दुपारी स्वारगेटला पोचलं आणि वडिलांनी कामावरून जाऊन ते आणलं. हा तपशील ऐकताना मी डोळे मिटून घेतले. दाखला डिजिटल सहीचा होता. त्यावर बारकोड असतो आणि त्याची पीडीएफ कुठेही डाउनलोड करून छापता येते. दिराने मोबाइलवर ती फाइल पाठवली असती तर २९ च्या रात्रीच काम झालं असतं. पण “ओरिजनल पाहिजे” हे त्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि ओरिजनल म्हणजे कागद. प्रत्येक खिडकीवर ओरिजनल मागून मागून आपणच हे त्यांच्या मनावर ठसवलेलं आहे.

१ फेब्रुवारी, शनिवार. दोन्ही घरच्या पोळ्या उरकून त्या रात्री आठला वस्तीच्या तोंडाशी असलेल्या नेट कॅफेत गेल्या. पुढे सात जण. नंबर लागला तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते, शटर अर्धं खाली आलं होतं. मुलाने भराभर माहिती टाकली. नकाशावर घराच्या जागी तो लाल बलून ठेवायचा असतो, त्यात बराच वेळ गेला, कारण त्यांची गल्ली नकाशावर नाही आणि साइट सारखी अडकत होती. हा बलून फार जपून ठेवावा लागतो. शाळेपासूनचं अंतर त्यावरूनच मोजलं जातं आणि तो चुकला तर नंबर लागूनही पडताळणीत प्रवेश जातो. शाळा दहापर्यंत निवडता येतात. यांनी दोन निवडल्या. मग पान पुढे जाईना. मुलाने प्रिंट काढून दिली, शंभर रुपये घेतले आणि म्हणाला…

इथे दोन जबान्या आहेत. आईचं म्हणणं: “तो म्हणाला, झालंय ताई.” मी नंतर त्या मुलाला जाऊन भेटले. एकोणीस-वीस वर्षांचा, दिवसा कॉलेजला जातो. आधी थोडा घाबरला, मग म्हणाला, “मी म्हणालो होतो, सेव्ह झालंय, ताई. सकाळी या, फायनल करून देतो.”

मला दोघंही खरं बोलताहेत असं वाटतं. दिवसभर उभ्या राहिलेल्या बाईच्या कानाने ‘सेव्ह झालंय’ मधलं ‘झालंय’ धरलं. ‘सकाळी या’ हे शटरच्या आवाजात गेलं असेल, किंवा प्रिंट न्यायला या असं वाटलं असेल, आणि प्रिंट तर हातातच होती. “सेव्ह झालं म्हणजे राहिलं ना ताई?” त्यांनी मला विचारलं. “मोबाइलमध्ये नंबर सेव्ह केला की तो राहतोच की.” याला मी काय उत्तर देणार? अर्जही राहिलाच होता. आम्ही मोबाइलवर आलेला क्रमांक आणि पासवर्ड टाकून लॉगिन केलं, तर सगळं तिथे जसंच्या तसं होतं, दोन शाळांसकट.

२ फेब्रुवारी, रविवार, शेवटचा दिवस. माझं टेबल त्या दिवशी नव्हतं. मी साताऱ्याला लग्नाला गेले होते. दारावर पाटी लावली होती, ‘आज बंद’. त्या रस्त्याने त्या सकाळी गेल्या होत्या म्हणे, पाटी वाचली, आणि आपलं काम झालेलंच आहे म्हणून पुढे निघून गेल्या.

१० फेब्रुवारीला सोडत निघाली. १४ पासून मेसेज सुरू झाले. शेजारणीच्या मुलाचा नंबर लागला. या दोन दिवस थांबल्या आणि तिसऱ्या दिवशी फाइल घेऊन माझ्याकडे आल्या.

पुढे आम्ही काय केलं, त्यातलं काय उपयोगी पडलं आणि काय नाही, तेही लिहायला हवं.

पहिल्यांदा मी त्यांना गट शिक्षणाधिकारी कार्यालयात घेऊन गेले. लेखी अर्ज लिहिला: दाखला २९ जानेवारीचा, म्हणजे अर्जाच्या वाढीव मुदतीच्या आतला, अर्ज भरलेला आहे, तांत्रिक अडचणीमुळे कन्फर्म राहिला, विचार व्हावा. तिथले लिपिक सरळ माणूस होते. म्हणाले, “ताई, पोर्टल बंद झालं की आमच्याकडेही बंदच असतं. यांचं नाव सोडतीतच नाही, तर प्रतीक्षा यादीत कुठून येणार? अर्ज द्या, पोच घेऊन जा. पण आशा लावून बसू नका.” पोच मिळाली. उत्तर आलं नाही. दोन दिवस गेले, म्हणजे दोन खाडे, आणि पोळ्यांच्या कामात खाड्याचे पैसे कापतात. तो फेरा मी आज मारणार नाही. कन्फर्म न झालेला अर्ज सोडतीत येत नाही आणि सोडतीत नसलेल्याला प्रतीक्षा यादी नाही, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. मी गेले ते मला काहीतरी केल्यासारखं वाटावं म्हणून.

मग एक गृहस्थ उगवले. वस्तीत असे असतातच. “आतून करून देतो, पंधरा हजार.” वडील हललेले दिसले. मी त्यांना एवढंच म्हणाले, “दादा, सोडत कॉम्प्युटर काढतो आणि ती निघून गेली आहे. तो आता कुठल्या ‘आत’ जाणार आहे?” ते गप्प बसले. पैसे वाचले. या सगळ्या प्रकरणात माझा नक्की म्हणावा असा फायदा तेवढाच.

निवडलेल्या दोन शाळांपैकी एकीत फी भरून घ्यायचं म्हटलं तर पहिल्या वर्षालाच ४० हजारांच्या घरात जात होतं, पुस्तकं आणि गणवेश वेगळे. तो विषय तिथेच संपला.

राहिली जिल्हा परिषदेची शाळा. कायद्याचं कलम १५ सांगतं की वर्ष सुरू होऊन गेल्यावर, वाढीव मुदतही संपल्यावर आलेल्या मुलालासुद्धा प्रवेश नाकारायचा नाही. म्हणजे या दाराला शेवटची तारीखच नाही. वस्तीजवळच्या शाळेतल्या मुख्याध्यापिका म्हणाल्या, “आणा की जूनमध्ये. जन्माचा दाखला नसला तरी आणा.” त्या शाळेत मी जाऊन बसले आहे. पहिलीच्या बाई चांगल्या आहेत, मुलं बोलकी आहेत, भिंतीवर मुलांनी काढलेली चित्रं आहेत. वडील म्हणाले, “मी बी झेडपीतच शिकलो. काय वाईट झालं?” यावर आईने जे म्हटलं ते मी विसरत नाही: “म्हणून तर.” ते हसले, ती नाही हसली.

या टप्प्यावर मी प्रकरण मिटलं असं समजून चालले होते. मुलगी जूनमध्ये पहिलीत जाणार. मग एका रात्री घरी तो अर्ज परत बघताना जन्मतारखेवर नजर थांबली. नोव्हेंबर २०१९.

२०२५-२६ च्या पहिलीसाठी वयाची चौकट होती १ जुलै २०१८ ते ३१ डिसेंबर २०१९ मधला जन्म. म्हणजे ३१ डिसेंबर २०२५ रोजी किमान सहा वर्षं पूर्ण आणि जास्तीत जास्त सात वर्षं, पाच महिने, तीस दिवस. ही चौकट बारा महिन्यांची नाही, अठरा महिन्यांची आहे. दर वर्षी ती एक वर्षाने पुढे सरकते, त्यामुळे लागोपाठच्या दोन चौकटी सहा महिन्यांनी एकमेकींवर येतात. जुलै ते डिसेंबरात जन्मलेलं मूल दोन्हींत बसतं. जानेवारी ते जूनमध्ये जन्मलेलं फक्त एकीत.

वयाची अट तशीच राहिली तर या मुलीला पहिलीचा अर्ज आणखी एकदा करता येणार होता. ३१ डिसेंबर २०२६ ला ती सात वर्षं एक महिन्याची असेल. आणि तिचा आरटीईतून प्रवेश झालेला नव्हता, त्यामुळे तीही अडचण नव्हती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता त्यांना फोन केला, हे जरा लवकरच झालं. त्या कामावर निघाल्या होत्या.

पण यात एक मेख होती. मुलगी या जूनमध्ये झेडपीच्या पहिलीत बसली, तर पुढच्या वर्षी आरटीईत नंबर लागूनही तिला परत पहिलीच करायची. नंबर लागला नाही तर प्रश्न नाही, ती दुसरीत जाईल. किंवा मग तिला यंदा पहिलीत घालायचंच नाही, आणखी एक वर्ष बालवर्गात ठेवायचं.

घरात यावरून चांगलंच वाजलं. गावाहून सासूबाई फोनवर: “पोरीचं वरीस वाया घालवता काय?” वडिलांचं म्हणणं, सोडतीचा काय भरवसा, तीन अर्जांत एक लागतो, तेवढ्यासाठी बसवून ठेवायचं? आईला थांबायचं होतं. मला विचारलं तेव्हा मी मत द्यायचं टाळलं नाही. जूनमध्ये मुलगी पाच वर्षं सात महिन्यांची असणार होती. कायद्यातलं मूल सहा वर्षांपासून सुरू होतं आणि पहिलीचं वयही सहा पूर्णचं. डिसेंबरपर्यंतची सवलत आहे म्हणून ती यंदा बसू शकते, बसलीच पाहिजे असं नाही. वर्गात ती सगळ्यात लहान असेल. थांबली तर पुढच्या जूनला साडेसहाची. हे वर्ष वाया जाणं नव्हे. आणि समजा नंबर नाही लागला, तर झेडपीचं दार उघडंच आहे. माझा कल थांबण्याकडे होता आणि मी तो बोलून दाखवला. ती जर मार्चमध्ये जन्मली असती तर माझं मत उलटं असतं, कारण तेव्हा थांबून हाती काहीच आलं नसतं.

निर्णय अंगणवाडीच्या ताईंनी सोपा केला. अंगणवाडी सहा वर्षांपर्यंतची, म्हणजे नोव्हेंबरात हिचं नाव निघणार. त्या म्हणाल्या, “नाव निघालं तरी पोरगी बसेल. धाकट्यांना गाणी कोण शिकवणार मग?” मुलगी अंगणवाडीत राहिली.

टेबलावर मी तीन गोष्टी बदलल्या. दाखल्यांची आठवण आता ऑक्टोबरपासून सुरू होते, पोर्टलची वाट न बघता. शेवटच्या रविवारी टेबल बंद ठेवायचं नाही, लग्न कुणाचंही असो, दुसरं माणूस बसवायचं. आणि अर्ज भरून झाला की पालकाने स्वतः पडद्यावर ‘कन्फर्म’ शब्द शोधून त्यावर बोट ठेवायचं, मग उठायचं. वाचता येत नसेल त्यांना तो शब्द मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून देते, चित्रासारखा जुळवून बघायला. मेसेजच्या भरवशावर राहू नका, पोर्टलवर अर्जाची स्थिती बघा, हेही सांगते, पण ते कुणी ऐकत नाही. मेसेज हाच लोकांचा देव आहे.

एक गोष्ट मात्र माझ्या आवाक्यात नाही. चौदा दिवसांची खिडकी आणि पंधरा दिवसांचा दाखला ही जोडी मला मोडता येत नाही. अर्ज कोणत्या महिन्यात सुरू होतील हे ऑक्टोबरात एकदा जाहीर केलं, तर निम्मी धावपळ संपेल. त्याला ना पैसे लागतात, ना कायदा बदलावा लागतो.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी त्या परत आल्या. तीच फाइल. उत्पन्नाचा नवा दाखला नोव्हेंबरातच निघाला होता. मी कागद शोधत होते, तर त्यांनी मोबाइल पुढे केला. दिराने व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ पाठवली होती.

“ओरिजनल?” मी सवयीने विचारलं.

“हेच ओरिजनल असतं ताई,” त्या म्हणाल्या. “तुम्हीच सांगितलं होतं.”

आता अडलंय ते पत्त्याच्या पुराव्याला लागणाऱ्या भाडेकराराशी. मागचा करार अकरा महिन्यांचा, जानेवारीच्या दहा तारखेचा. तो येत्या ९ डिसेंबरला संपतो, आणि नोंदणीकृत करार अर्ज भरण्याच्या आधीचा, चालू असलेला लागतो. नव्या करारासाठी घरमालकांना अंगठा द्यायला यावं लागेल. ते म्हणाले, सारखं सारखं काय आहे हे, पुढच्या रविवारी बघू.